बिल्ला दाखवा, वस्तू न्या

देवळाबाहेरच्या चप्पल-स्टँडवर आपण जोडा देतो आणि पत्र्याचा एक बिल्ला खिशात टाकतो. स्टँडवाल्याने जोडा कुठल्या फळीवर ठेवला, गर्दी वाढल्यावर तो मागच्या खोलीत सरकवला की काय, याची चौकशी आपण करत नाही. बिल्ला दाखवला की तोच जोडा परत मिळावा, करार एवढाच. ‘मी दर्शन घेऊन येतो, तोवर डाव्या चपलेचा अंगठा तेवढा शिवून ठेवा’ असे सांगायची तिथे सोय नाही. अंगठा शिवायचा तर जोडा सोडवून घ्या, शिवून आणा, पुन्हा ठेवा. आज जगातली छायाचित्रे, चित्रपट, बँकांची जुनी स्टेटमेंटे, उपग्रहांनी टिपलेली दृश्ये आणि कंपन्यांचे बॅकअप ज्या पद्धतीने साठवले जातात, त्या ऑब्जेक्ट स्टोरेजचा करार नेमका असाच आहे. ही सेवा देणाऱ्यांची तुलना मात्र आपल्याकडे बहुधा एकाच आकड्यावर होते: एका जीबीला महिन्याला किती? हा आकडा खोटा नसतो, पण अपुरा असतो. ऑब्जेक्ट स्टोरेज अफाट आणि स्वस्त झाले ते त्याने काय काय करायला नकार दिला यामुळे. म्हणून तुलना करायची तर कोण काय देतो यापेक्षा कोणी काय नाकारले आणि त्या नकाराची किंमत शेवटी कोणाच्या वहीत पडते, हे पाहायला हवे.

या नकारांचे मोल कळण्यासाठी आधीच्या दोन पद्धती थोडक्यात पाहू. पहिली ब्लॉक स्टोरेज. यात डिस्क म्हणजे सारख्या मापाच्या, क्रमांक घातलेल्या कप्प्यांची रांग. अमुक कप्प्यातले वाच, तमुक कप्प्यात लिही, यापलीकडे ती काही जाणत नाही. डेटाबेसला हेच हवे असते, कारण त्याला एखाद्या खात्याची शिल्लक क्षणात आणि जागच्या जागी बदलायची असते. दुसरी फाइल स्टोरेज, म्हणजे आपल्या संगणकावरचे ओळखीचे जग. फोल्डरात फोल्डर, त्यात फाइल, फाइल उघडून मधलीच ओळ बदलायची मुभा, नाव बदलायची मुभा, कोणी वाचावे आणि कोणी लिहावे याचे नियम, आणि दोघांनी एकाच वेळी हात घालू नये म्हणून कुलूप. कचेरीतल्या दहा-वीस माणसांसाठी ही व्यवस्था उत्तम चालते. फाइलींची संख्या अब्जांत गेली की तिची तब्येत बिघडते, आणि ती बिघडते डेटाच्या वजनाने नव्हे, तर डेटाविषयीच्या नोंदींच्या वजनाने.

फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१० मध्ये हेस्टॅक या आपल्या साठवण-व्यवस्थेवर जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात हे दुखणे आकड्यांनिशी मांडले आहे. तेव्हा त्यांच्याकडे २६० अब्जांहून जास्त प्रतिमा होत्या, एकूण वजन २० पेटाबाइटच्या वर, आणि दर आठवड्याला एक अब्ज नव्या छायाचित्रांची भर पडत होती. जुन्या फाइल-पद्धतीत एक छायाचित्र दाखवायला डिस्कला निदान तीन फेऱ्या माराव्या लागत: फोल्डरची नोंद वाचायला एक, फाइलची नोंद वाचायला दुसरी, आणि प्रत्यक्ष चित्र आणायला तिसरी. सुरुवातीला, एकेका फोल्डरात हजारो फाइली होत्या तेव्हा, तर या फेऱ्या दहाच्याही वर जात. लिनक्समधल्या एक्सएफएस या फाइल-पद्धतीत एका फाइलची नोंदच ५३६ बाइटची. तिच्यात मालक कोण, परवानग्या कोणत्या, असा सगळा सातबारा. समाजमाध्यमावरच्या वाढदिवसाच्या फोटोला या सातबाऱ्याचा उपयोग शून्य. हेस्टॅकने तो फाडून टाकला. लाखो छायाचित्रे एकाच लांबलचक फाइलीत एकामागे एक ओतायची, आणि कोणते कुठे सुरू होते एवढेच टिपण सर्व्हरच्या स्मृतीत ठेवायचे. चित्रामागे सरासरी १० बाइट! सगळी टिपणे स्मृतीत मावली, तीन फेऱ्यांची एक झाली. नवे काही शोधण्यापेक्षा जुने काय टाकून देता येईल, हे ओळखण्यात इथे खरी हुशारी होती.

बाहेरच्या जगाला हा सौदा त्याआधीच खुला झाला होता. ॲमेझॉनने १४ मार्च २००६ रोजी एस-थ्री ही सेवा सुरू केली, एका जीबीला महिन्याला १५ सेंट या दराने. तिची भाषा मोजक्या क्रियापदांची: ठेव, आण, पूस, यादी दे. ठेवायची वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट. तिचा बिल्ला म्हणजे की, अर्थात एक लांबलचक नाव. आणि असे ऑब्जेक्ट ज्या एका नावाखाली जमा होतात ती बकेट. वस्तूला थोडी माहितीची चिठ्ठी जोडता येते, तो मेटाडेटा. बस्स. पण पडद्यावर फोल्डर दिसतात की, असे कोणी म्हणेल. दिसतात, असत नाहीत. ‘हिशेब/२०२४/जून/पावती१.पीडीएफ’ हे एकच सलग नाव आहे. त्यातली तिरपी रेघ व्यवस्थेच्या लेखी अ किंवा क सारखेच एक अक्षर. सोयीसाठी पडदा त्या रेघेवर नावे तोडून फोल्डरांचा देखावा उभा करतो. देखावा किती पातळ आहे हे नाव बदलायला गेल्यावर कळते. घरच्या संगणकावर ‘जून’चे ‘जून-जुने’ करणे हे पापणी लवण्याइतके काम. इथे त्या नावाखाली एक लाख पावत्या असतील तर एक लाख नव्या प्रती नव्या नावांनी कराव्या लागतात आणि मग एक लाख जुन्या पुसाव्या लागतात, आणि प्रतींचे पैसे पडतात. ते काम अर्ध्यावर थांबले तर निम्म्या पावत्या एका नावाखाली, निम्म्या दुसऱ्या.

एवढी गैरसोय का सोसायची? याचे उत्तर ‘जागच्या जागी बदल नाही’ या सगळ्यांत कडक नकारात आहे. डिस्क बिघडतात, हजारो डिस्क एका छपराखाली असतील तर त्यांतल्या काही रोजच बिघडतात. म्हणून प्रत्येक वस्तूच्या तीन प्रती ठेवणे हा साधा उपाय, पण त्याला तिप्पट जागा लागते. दुसरा उपाय गणिताचा. समजा ७ आणि ५ हे दोन आकडे दोन डिस्कवर ठेवले आणि त्यांची बेरीज १२ तिसऱ्या डिस्कवर. आता कोणतीही एक डिस्क गेली तरी उरलेल्या दोघींवरून गेलेला आकडा काढता येतो. ७ हरवले तर १२ वजा ५. जागा लागली दीडपट, आणि एका डिस्कचा मृत्यू पचला. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेली संकेतपद्धती याच विचाराचे प्रगत रूप आहे. ओरखडे पडलेली सीडी वाजते आणि कोपरा फाटलेला क्यूआर कोड वाचला जातो तो तिच्याच जोरावर. फेसबुकने २०१४ मध्ये वर्णिलेल्या एफ-फोर या व्यवस्थेत डेटाचे १० तुकडे आणि त्यांवरून काढलेले ४ जादा तुकडे अशी मांडणी होती. चौदांपैकी कोणतेही दहा हाती असले की मूळ वस्तू पूर्ण. जागा १.४ पट, आणि चार तुकडे गेले तरी धक्का नाही. तीन प्रतींच्या पद्धतीत दोनच गमावता येतात. आता यात मूळ वस्तूचे एक अक्षर बदलायचे म्हटले तर? चारही जादा तुकडे नव्याने काढावे लागतील, आणि ते काम चालू असताना वीज गेली तर चौदा तुकड्यांपैकी काही जुन्या मजकुराचे, काही नव्या. वस्तू कधी बदलतच नाही असे एकदा ठरवले की ही सगळी भानगड मिटते. नवी आवृत्ती ही नवी वस्तू. स्वस्ताई आणि टिकाऊपणा या दोन्ही गोष्टी या एका हट्टातून आल्या आहेत.

टिकाऊपणाचा जाहिरातीतला आकडा म्हणजे अकरा वेळा नऊ: ९९.९९९९९९९९९ टक्के. ॲमेझॉन त्याचा अर्थ असा सांगते की एक कोटी वस्तू ठेवल्या तर सरासरीने दहा हजार वर्षांत एक हरवेल. हा आकडा रचनेचे उद्दिष्ट आहे. सेवाकरारात भरपाईचे वचन असते ते उपलब्धतेचे, टिकाऊपणाचे नव्हे. या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. जोडा सुखरूप असणे वेगळे आणि स्टँड उघडा असणे वेगळे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी व्हर्जिनियातली एस-थ्री सेवा सुमारे चार तास कोलमडली. बिलिंगच्या यंत्रणेतला दोष शोधताना एका कर्मचाऱ्याने थोडे सर्व्हर बंद करण्याची आज्ञा दिली, तीत एक मूल्य चुकीचे टाइप झाले, आणि भलतेच जास्त सर्व्हर बंद पडले; त्यांत कोणती वस्तू कुठे आहे हे सांगणाऱ्या सूचीचेही होते. जोडे फळ्यांवर जागच्या जागी, नोंदवही मात्र मिटलेली. सेवा ठीक आहे की नाही हे दाखवणारा ॲमेझॉनचा स्वतःचा फलकही एस-थ्रीवरच अवलंबून असल्याने त्यावर सुरुवातीला खरी स्थिती दाखवता येईना. अकरा नऊ त्या दिवशीही अबाधित होते. ते तुम्हीच चुकून दिलेल्या ‘पूस’ या आज्ञेपासूनही वाचवत नाहीत. त्यासाठी जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय आणि ठरावीक मुदतीपर्यंत पुसूच न देणारे कुलूप वेगळे लावावे लागते, आणि राखलेल्या प्रत्येक आवृत्तीचे भाडे वेगळे. आणि हे सगळे गणित तुकडे खरोखर निरनिराळ्या इमारतींत असतील तरच लागू पडते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच कंपनीची एक डेटा-सेंटर इमारत जळून खाक झाली, तेव्हा ज्यांचा डेटा आणि बॅकअप दोन्ही तिथेच होते त्यांच्या हाती काही उरले नाही. म्हणून दरपत्रकातला ‘एकच विभाग’ हा स्वस्त पर्याय घेताना आपण इमारतींचे अंतर विकत आहोत, हे ध्यानात असू द्यावे.

यावर एक जोरदार आक्षेप आहे. नाकारलेल्या गोष्टी आता एकेक करून परत येत आहेत. मग नकारांवर उभारलेली ही तुलना शिळी नाही का? वस्तुस्थिती आक्षेपकाच्या बाजूने बोलते. पूर्वी एस-थ्रीवर वस्तू बदलून लगेच मागितली तर कधी कधी जुनीच हाती येई. डिसेंबर २०२० पासून नेहमी ताजीच मिळते, तीही जादा पैसे न घेता. २०२४ मध्ये ‘या नावाने आधी काही नसेल तरच ठेव’ अशी अट घालता येऊ लागली, त्यामुळे दोन संगणकांनी एकमेकांचे काम पुसण्याचा धोका कमी झाला. इथे माझ्या युक्तिवादाला थोडे वाकावे लागते. नोंदवहीच्या पातळीवरचे नकार कायमचे नव्हते. अभियंत्यांनी घाम गाळला आणि ते मागे घेतले. मायक्रोसॉफ्टच्या अझूर ब्लॉब या अशाच सेवेने तर ताजेपणाचा हा नकार कधी दिलाच नव्हता. पण वस्तूच्या पोटातले नकार पाहा. शेवटी मजकूर जोडण्याची आणि झटक्यात नाव बदलण्याची मुभा एस-थ्रीने दिली ती एक्सप्रेस वन झोन या वेगळ्या वर्गात. तो नावाप्रमाणे एकाच विभागात राहतो आणि त्याचे जीबीमागचे भाडे साध्या वर्गाच्या चौपटीहून जास्त आहे. अझूरमध्ये खरेखुरे फोल्डर मिळतात, पण ती सोय एकदा चालू केली की त्या खात्यावर परत फिरता येत नाही. सोय परत मिळते ती अशी, पावतीसकट.

आता दराकडे वळू, कारण सर्वांत मोठा नकार तिथे दडलेला आहे. व्हर्जिनियातला एस-थ्रीचा साधा दर बरीच वर्षे जीबीला महिन्याला २.३ सेंट आहे. दहा हजार जीबी, म्हणजे १० टीबी ठेवले तर महिन्याला २३० डॉलर. तोच साठा एकदा इंटरनेटवरून बाहेर काढायचा तर जीबीला ९ सेंट, म्हणजे जवळजवळ ९०० डॉलर. चार महिन्यांच्या भाड्याइतके. आत यायला फुकट, बाहेर पडायला पैसे. शिवाय दर क्रियापदाला वेगळा आकार आहे. ‘ठेव’ या आज्ञेला हजारामागे अर्धा सेंट, हे वाचून कोणी दचकत नाही. पण एखाद्या संस्थेने सेन्सरची प्रत्येक नोंद वेगळी वस्तू म्हणून ठेवायचे ठरवले आणि १० केबीच्या एक कोटी वस्तू झाल्या, तर एकूण वजन भरते जेमतेम १०० जीबी. भाडे महिन्याला २ डॉलर ३० सेंट, आणि नुसत्या ठेवण्याचा खर्च ५० डॉलर. एकवीस महिन्यांहून जास्त भाडे पहिल्याच दिवशी संपले! याच नोंदी दिवसाला एक गठ्ठा बांधून ठेवल्या असत्या तर हा खर्च पैशांतही मोजता आला नसता. म्हणजे हेस्टॅकने स्वतःच्या आत जी मोळी बांधली, ती इथे ग्राहकाने बांधायची. जुने दस्तऐवज कायम ठेवण्यासाठीच्या ग्लेशियर डीप आर्काइव्ह वर्गात दर जवळपास तेवीसपट कमी, पण तिथे तत्परतेचा नकार आहे: वस्तू मागितल्यावर हाती यायला बारा तास, स्वस्तात हवी तर अठ्ठेचाळीस, आणि १८० दिवसांच्या आत पुसली तरी उरलेल्या मुदतीचे पैसे द्यावेच लागतात. न्यायालयाचे जुने खटले तिथे शोभतात. वर्तमानपत्राचा फोटोसंग्रह नाही, कारण एखाद्या नामवंताच्या निधनाची बातमी बारा तास थांबत नाही.

मग आपलीच यंत्रे, आपलीच साठवण का नको? हा मार्ग खुला आहे आणि काहींसाठी शहाणपणाचाही. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ विद्यापीठात सेज वाइल यांच्या डॉक्टरेटच्या कामातून सेफ ही मुक्त व्यवस्था निघाली. तिने चक्क मधली नोंदवही नाकारली. वस्तूच्या नावावरून एक ठरलेले गणित करायचे; ती कोणत्या डिस्कवर असणार हे त्या गणितातूनच निघते, कोणाला विचारावे लागत नाही. २०१७ साली एस-थ्रीला ज्या जागी ठेच लागली ती जागाच इथे नाही. शिवाय ब्लॉक, फाइल आणि ऑब्जेक्ट या तिन्ही पद्धती ती एकाच पायावर देते. युरोपातली सर्न ही अणुसंशोधन प्रयोगशाळा ती मोठ्या प्रमाणावर वापरते. मात्र रात्री दोन वाजता डिस्क गेली तर उठायचे कोणी, या प्रश्नाला सेफकडे उत्तर नाही. ते उत्तर म्हणजे पगारी, जाणकार माणसे, आणि तो खर्च जीबीच्या दरात कुठेच दिसत नाही. लहान संस्थांमध्ये लोकप्रिय झालेल्या मिनआयओ या मुक्त प्रणालीची गोष्ट आणखी वेगळी. उभारायला सोपी, एस-थ्रीचीच भाषा बोलणारी. तिने २०२१ मध्ये परवाना कडक केला आणि २०२५ मध्ये फुकट आवृत्तीच्या पडद्यावरून व्यवस्थापनाच्या बऱ्याच सोयी काढून घेतल्या. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे कायमचा भरवसा, असे मानणाऱ्यांनी तिच्याकडे पाहावे. एक गोष्ट मात्र दिलासा देणारी. एस-थ्रीची बोली आज सगळ्या बाजाराची बोली झाली आहे. सेफ, मिनआयओ आणि बॅकब्लेझ, वसाबी, क्लाउडफ्लेअर या साठवण विकणाऱ्या कंपन्या सगळे ती बोलतात, त्यामुळे प्रोग्राम फारसा न बदलता घर बदलता येते. आक्षेप घेणारे इथे म्हणतील की मग ग्राहक अडकतो कुठे? भाषेत अडकत नाही. पेटाबाइटभर सामान उचलण्याच्या खर्चात आणि वेळात अडकतो.

भारतातल्या वाचकासाठी यात जागेचा मुद्दाही येतो. बकेट एका ठिकाणाला बांधलेली असते. ॲमेझॉनचे मुंबई क्षेत्र २०१६ मध्ये सुरू झाले, आणि रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पैशांच्या देवघेवीचा डेटा फक्त भारतात साठवण्याचे बंधन घातले. अशा संस्थांना परदेशातला स्वस्त दर कितीही मोहक वाटला तरी तो त्यांच्यासाठी नाहीच. बाकीच्यांना निवड आहे, आणि या निवडीत अलीकडे एक चांगली घडामोड झाली: क्लाउडफ्लेअरने २०२२ मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या आर-टू या सेवेत बाहेर जाण्याचे शुल्कच ठेवले नाही. जिथे एकदा ठेवलेली वस्तू हजारो लोक हजारो वेळा पाहणार, उदाहरणार्थ व्याख्यानांच्या ध्वनिफिती किंवा वृत्तपत्राचे फोटो, तिथे जीबीचा दर सेंट-दीड सेंटने इकडेतिकडे असण्याला काही अर्थ नाही. दाराचे शुल्क किती, एवढेच पाहावे. उलट जो बॅकअप बहुधा कधीच उघडला जाणार नाही, त्याच्यासाठी त्या शुल्काची फिकीर न करता टिकाऊपणा आणि इमारतींचे अंतर पाहावे.

मोठ्यांनीही दार थोडे किलकिले केले आहे. कायमचे सोडून जाणाऱ्यांचे डेटा बाहेर नेण्याचे शुल्क गूगलने जानेवारी २०२४ मध्ये माफ केले, मार्चमध्ये ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट त्याच वाटेने गेल्या, आणि १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या डेटा कायद्याने घर बदलण्यावरच्या अशा आकारांना लगाम घातला. ही माफी अर्ज करून, सगळे सामान एकदाच उचलून नेणाऱ्यासाठी आहे. तिथेच राहून रोज थोडे थोडे बाहेर काढणाऱ्याचे मीटर पूर्वीसारखेच चालू आहे.